शेवग्याच्या पाल्याची अंडी

मी आयुष्यभर काय केलं हे पाहुण्यांना सांगायची वेळ आली की आमच्या सूनबाई "बाबा सरकारी नोकरीत होते" एवढ्यावर भागवतात. त्यात खोटं काही नाही. सरकारनं मला खाकी कोट दिला आणि परळच्या कोंबडीघरात पांढऱ्याशुभ्र इंग्लिश कोंबड्यांच्या सेवेला नेमलं. त्या कोंबड्या माझ्याहून खानदानी होत्या. त्यांच्या आज्या-पणज्यांची माहिती कचेरीत होती. माझ्या पणजोबांचं नाव कुणी विचारलं असतं तर मला गावी चुलत्यांकडे चौकशी करावी लागली असती. आसपासच्या चाळींतून बायकांना कोंबड्या कशा पाळाव्यात हे समजावून सांगणं हाही माझ्या कामाचा भाग होता. त्यामुळे लालबागपासून घोडपदेवपर्यंत मला सगळे 'कोंबडीमास्तर' म्हणत. सुरुवातीला राग यायचा. पुढे पुढे नुसतं कुणी 'मास्तर' म्हटलं तर चुकल्याचुकल्यासारखं वाटू लागलं.

ज्यांनी कोंबडी फक्त ताटात पाहिली आहे त्यांच्यासाठी थोडं धंद्यातलं सांगतो. कोंबडीच्या खाण्याला आम्ही भरडा म्हणायचो. तांदळाची कणी, कोंडा, शेंगदाण्याची पेंड, सुकटीची पूड आणि चुना असा तो कालवलेला असे. हे खाऊन आमच्या कोंबड्या भराभर अंडी घालत. पण अंडं फोडलं की आतला बलक फिका, पिवळा म्हणावा की नाही अशा विचारात पडलेला. गावठी कोंबडी दिवसभर परसात हिंडते, गवत टोचते, पाला ओरबाडते, म्हणून तिचा बलक गडद. फरक रंगाचा, ताकदीचा नाही. हे मी चाळीचाळीतून घसा बसेपर्यंत सांगितलं. लोक ऐकून घेत, मला चहा पाजत आणि अंडी गावठीच विकत घेत.

मग चळवळीचे दिवस आले. संयुक्त महाराष्ट्रासाठी गिरणगाव रस्त्यावर उतरलं होतं. गोळीबार झाला, ओळखीपाळखीतली माणसं गेली. त्या दिवसांची थट्टा मी करणार नाही. पण बंदमध्ये भरड्याची हातगाडी आमच्या फाटकापर्यंत पोचेना, ही अडचण खरी होती. कोंबड्यांना मुंबईसह महाराष्ट्र हवा होता की नाही ते मला ठाऊक नाही. बंद मात्र त्यांनी आमच्याइतकाच सोसला. कोठी रिकामी होत आली तसा मी आणि माझा जोडीदार खरात कुंपणालगतच्या शेवग्यापाशी गेलो आणि पाला ओरबाडून आणला. उरल्यासुरल्या कोंड्यात तो चुरून घातला. कोंबड्यांनी आधी आमच्याकडे संशयानं पाहिलं, मग पाटी साफ केली.

कोंबडीघराचे प्रमुख, आमचे जनावरांचे डॉक्टरसाहेब, शिवाजी पार्कला राहत. बंद उठल्यावर ते आले आणि नेहमीप्रमाणे तपासायला एक अंडं बशीत फोडलं. बलक हळदीच्या रंगाचा निघाला.

"व्हॉट इज धिस?" साहेब म्हणाले. चिडले की ते इंग्रजीत सुरुवात करत आणि राग ओसरला की मराठीत येत.

"शेवगा, साहेब," मी म्हणालो.

साहेबांनी बशी उजेडात धरली, फिरवली, पुन्हा धरली. "आणखी देऊन बघा," ते मराठीत म्हणाले. "एका खुराड्याला पाला द्या, बाकीच्यांना देऊ नका. बघू काय होतं ते."

अशी ती आमची पाल्याची तपासणी सुरू झाली. पाचव्या खुराड्याच्या नशिबी पाला आला. कोवळा पाला काढायचा, उन्हात नाही तर सावलीत वाळवायचा, कारण उन्हात त्याचा हिरवेपणा जातो. मग तळहातांवर चोळून पूड करायची आणि घमेलंभर भरड्याला मूठभर लावायची. मूठ माझी धरायची की खरातची, यावर आमचं पहिलं भांडण झालं. खरातचा पंजा मोठा होता.

ही बातमी बाहेर फुटल्यावर सल्ले सुरू झाले. आपल्याकडे माणसाच्या खोकल्याला जेवढी औषधं आहेत तेवढी सगळी लोकांनी कोंबडीला लागू केली. लालबागच्या एका आजींनी पदराखालून अडुळसा आणून दिला आणि कोंबडी खोकत नाही असं मी म्हटल्यावर "खोकायच्या आधीच द्या" म्हणाल्या. कुणी गुळवेल आणली. कडुनिंब मी स्वतःच घालून पाहिला; कोंबड्यांनी दिवसभर त्या पाटीकडे पाठ फिरवली आणि संध्याकाळी पाटी उलटी केली. गिरगावचे एक पेन्शनर गृहस्थ तर मोठा विचार करून आले. डॉक्टरनं त्यांना अंडी सांगितली होती आणि घरात कडक सोवळं होतं. फाटकाशी मला बाजूला घेऊन ते हळूच म्हणाले, "अहो, कोंबडीला नुसती तुळस खायला घातली, तर अंडं सात्त्विक धरता येईल का?"

मी म्हटलं, "अंड्याला चालेल. कोंबडीला विचारावं लागेल."

ते गंभीरपणे "विचारा" म्हणून गेले. पुढे ते अंडी नेऊ लागले ती साधीच, पण पिशवीत वर तुळशीची चार पानं ठेवून. घरी कुणाचं समाधान होत होतं ते तेच जाणोत.

आता ज्यांच्यासाठी हे लिहायला बसलो त्यांच्याकडे येतो. आमच्याकडे धान्य निवडायला सुलोचनाबाई म्हणून एक होत्या. मालवणकडच्या, घोडपदेवच्या चाळीत राहणाऱ्या. आम्ही त्यांना सुलूवैनी म्हणायचो. त्यांचे यजमान रघुदादा गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवत. मोर्चात त्यांचा आवाज पुढून शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचा. त्या आवाजाला चैत्रात खोकला लागला आणि खोकल्यातून रक्त पडलं. दवाखान्यातल्या डॉक्टरनं छातीचा क्षय सांगितला, इंजेक्शनं सुरू केली आणि वर बजावलं की अंगात काही गेलं नाही तर इंजेक्शन एकटं काय करणार. रोज अंडी द्या.

आमच्याकडे तडा गेलेली अंडी विकत नसत, ती कामगारांत वाटत. वैनी ती घरी नेऊ लागल्या. आणि रघुदादा ती खाईनात.

"ह्येंका गावठीच होयी," वैनी धान्याच्या सुपावर मान घालून म्हणाल्या. "फिको बलक बगलो की ताट सारतत. हाडा वर इली त्यांची, मास्तर." आणि सूप तसंच ठेवून रडू लागल्या. मला कोंबडीची सगळी दुखणी ओळखता येत होती. बाईमाणूस रडायला लागलं की काय करायचं ते मला कुणी शिकवलं नव्हतं.

मी समजावायला गेलो. रघुदादा गॅलरीत वाकळ अंथरून पडले होते. खालून एक लहानसा मोर्चा चालला होता आणि त्याच्या घोषणांबरोबर त्यांचे ओठ नुसते हलत होते. मी रंग आणि ताकद यांवरचं माझं नेहमीचं भाषण सुरू केलं.

"मास्तर," ते मध्येच म्हणाले, "तुमच्या त्या इंग्लिश अंड्याचो बलक बगलात काय? माझ्यासारखोच पांढरो पडलो हा. तो खाऊन मी काय उठतलंय?"

माझं भाषण तिथंच संपलं. पण परत येताना पाचवं खुराडं डोळ्यांपुढे आलं. दुसऱ्या दिवशी मी वैनींना त्या खुराड्यातली दोन तडकलेली अंडी दिली आणि बजावलं, "कवच दाखवू नका, ते पांढरं आहे. आत फोडा आणि वाटीतूनच द्या." संध्याकाळी मीही मागोमाग गेलो, काही अडलं तर असावं म्हणून.

अडलं ते मीच अडवलं. वाटीतला पिवळाधमक बलक पाहून रघुदादा उठून बसले. "ह्या बगा! ह्येका म्हणतत अंडा. खयसून हाडलात?"

वैनी माझ्याकडे पाहू लागल्या. मी घाटावरचा माणूस, साताऱ्याकडचा. समुद्र मी चौपाटीवरूनच पाहिलेला. तोंडात आलं ते बोलून गेलो. "कोकणच्या बोटीवर माझ्या ओळखीचा एक खलाशी आहे. तो तुमच्याकडून कोंड्यात घालून करंडी आणतो."

"खयचो तो?"

"मालवणचा."

"मालवणात खयचो?"

"बंदराजवळचा."

"बंदराजवळ सगळेच ऱ्हवतत," रघुदादा म्हणाले. पण वाटी त्यांनी रिकामी केली. वैनी ती घेऊन लगबगीनं आत गेल्या.

त्या दिवसापासून रघुदादांना रोज 'बोटीची अंडी' मिळू लागली. मला स्वतःच्या अकलेचा फार अभिमान वाटला. अडचण एवढीच, की पाचव्या खुराड्यातली अंडी रोज आपणहून तडकत नसत. ती तडकावी लागत. खरात शेजारी उभा राहून म्हणायचा, "मास्तर, तुमचा हात अलीकडं लई जड झालाय." मी म्हणायचो, वय झालं. मी तेव्हा तिशीतही नव्हतो.

डॉक्टरसाहेबांच्या नजरेतून हे सुटलं नाही, फक्त त्यांनी त्याचा अर्थ शास्त्रीय लावला. "पाल्यानं रंग उत्तम येतो," ते चिंतेनं म्हणाले, "पण कवच कमजोर होत असावं. पाचव्यातलीच अंडी का फुटतात?" मी चुन्याचं प्रमाण वाढवू का विचारलं. त्यांनी वाढवायला सांगितलं. कवचं इतकी टणक झाली की ती तडकवताना माझी बोटं दुखू लागली. साहेबांचं मत काही बदललं नाही. शेवग्यानं अंड्याचं कवच कमजोर होतं असं तुम्ही कुठं वाचलंत, तर कृपा करून शेवग्याला दोष देऊ नका.

पाऊस लागला तसा पाला वाळेना. ओला पाला भरड्यात घातला की बुरशी धरे. शेवटी मी तो उबवणीच्या यंत्रावर पसरू लागलो, कारण सगळ्या कोंबडीघरात कायमची उबदार जागा ती एकच. साहेबांनी पाहिलं आणि इंग्रजीत सुरुवात केली. बराच वेळ ते मराठीत आले नाहीत. पण पाला त्यांनी काढायला लावला नाही, तेही सांगायला हवं. वैनी दुपारच्या सुट्टीत तो पाला चोळून देत. अंगावर, पदरावर हिरवा चुरा घेऊनच त्या घरी जात.

आणि रघुदादा सुधारत होते. खोकला उतरला, गालफडं भरली. श्रावणात ते गॅलरीतून खालच्या पोरांना पुन्हा शिव्या देऊ लागले, तेव्हा सगळ्या चाळीला हायसं वाटलं. इंजेक्शनांचा गुण होता हे मला माहीत आहे. पण रिकाम्या पोटावर इंजेक्शनं कुणाला तारत नाहीत हेही मला माहीत आहे.

अशात गोकुळाष्टमी आली. सकाळी मी कामावर गेलो आणि कुंपणापाशी थबकलो. शेवग्यावर पान म्हणून उरलं नव्हतं. नुसत्या काड्या उभ्या होत्या. खालची फांदीसुद्धा पुसून नेल्यासारखी.

"कुणी केलं हे?" मी ओरडलो.

खरात फाटकावरच्या पहारेकऱ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "त्याला विचारा. तोही कोकणातलाच. आंबोळ्या कबूल करून घेतल्यात आणि फाटक उघडलंय."

मला ठाऊक नव्हतं ते त्या दिवशी कळलं. मालवणकडच्या घरांत अष्टमीला शेवग्याच्या पाल्याची भाजी लागतेच. त्याबरोबर आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याची उसळ. आमच्या गावी असलं काही नव्हतं. पण माझा पाला गेला होता, आता पाचव्या खुराड्याचा बलक फिका पडणार होता आणि रघुदादा पुन्हा ताट सारणार होते. मनात तेवढंच आलं. कोट तसाच अंगावर ठेवून मी तडक घोडपदेव गाठलं, वैनींना आधी सावध करावं म्हणून.

चाळीचा जिना चढलो तर दारोदार आंबोळ्यांचा वास. आणि रघुदादांच्या दारात, भिंतीला एक लांब आकडी टेकवलेली. शेजारी ते स्वतः उभे. उभे! सदऱ्याच्या बाह्या वर केलेल्या, केसांत शेवग्याची बारीक पानं.

"इलात मास्तर? येवा, बसा. भाजी होताच हा."

"पाला तुम्ही काढलात?"

"मीच. चाळीतले चवगे वांगडा होते. झाडार चढाक नाय, शेवगो मोडता. आकडेन ओढलंय," ते आनंदानं म्हणाले. "घोडपदेवसून परळाक चलत गेलंय मास्तर, चलत इलंय. मधी एकदाच बसलंय."

एवढा मोठा प्रवास करून आलेल्या माणसाचं अभिनंदन करावं, तर माझा राग अजून उतरला नव्हता. तोंडातून निघून गेलं, "अहो, पण आता अंडी फिकी येतील त्याचं काय?"

बोललो आणि जीभ चावली. आत तव्यावर वैनींची आंबोळी चुरचुरत होती, त्यांना ऐकू गेलं नसावं. रघुदादांनी माझा दंड धरला आणि मला गॅलरीच्या टोकाला नेलं.

"मास्तर, कोकणची बोट कदी बंद होता?"

"बंद होते?" मी विचारलं.

ते इतके हसले की खोकला येईल म्हणून मी घाबरलो. खोकला आला नाही. "मिरग लागलो की बंद. दर्या खवळता. मगे दोन म्हयने तुमचो तो खलाशी अंडी घेऊन पोवत येय होतो काय?"

घाटावरच्या माणसानं बोटींच्या भानगडीत पडू नये.

"तिच्या पदराक रोज शेवग्याचो पालो," ते म्हणाले. "माका समाजला खयची अंडी ती. आता बरो झालंय, आता मधी कोंबडी कित्याक? पालो थेट मीच खातंय."

"मग कळल्यावरही खाल्लीत कशी?"

त्यांचं हसू थांबलं. दाराकडे एकदा पाहून ते हळू आवाजात म्हणाले, "अंडा फोडल्यान की ती आधी बलक बगी. मगे माझ्या तोंडाकडे बगी. रोज. माका नाय म्हणूक होयना, मास्तर." मग म्हणाले, "तुमी तिका सांगा नकात. तिका वाटता तिनाच माका फसवून जगवल्यान. तसाच ऱ्हवांदे."

मी मान डोलावली. आम्ही जेवायला बसलो. ती भाजी मी पहिल्यांदा खाल्ली आणि कोंबड्या पाटी का साफ करतात ते मला त्या दिवशी समजलं. रघुदादा मिटक्या मारीत चळवळीच्या गप्पा सांगत होते आणि वैनी त्यांच्या ताटाकडे पाहत वाढत होत्या.

निघताना वैनी मला जिन्यापर्यंत पोचवायला आल्या. खरातसाठी आणि आमच्या पहारेकऱ्यासाठी आंबोळ्या बांधून दिल्या. मग पदराला हात पुसत म्हणाल्या, "मास्तर, एक सांगू? ह्येंका मिरगातच समाजला असतला."

"काय?"

"बोटीचा. मालवणचो माणूस तो. बोट कदी बंद होता ह्या त्येका कोणी सांगूक होया? पण खायत होते. मगे मी कित्याक बोलू?" त्यांनी मागं वळून दाराकडे पाहिलं. "माका कळला ह्या त्येंका कळूक नको. माझ्यासाठी खायत, म्हणून खायत. तुमीय बोला नकात."

मी दुसऱ्यांदा मान डोलावली आणि जिना उतरलो. तीन-चार महिने मी त्या घराला फसवत होतो अशा तोऱ्यात होतो. त्या घरात फसलेला माणूस मी एकटा होतो.

शेवगा पुन्हा फुटेपर्यंत वैनी फिकी अंडी नेत राहिल्या आणि रघुदादा ती मुकाट्यानं खात राहिले. मग ते गिरणीत रुजू झाले. महाराष्ट्र झाला त्या रात्री शिवाजी पार्कवर मी त्यांचा आवाज गर्दीतून ओळखला. आमची पाल्याची तपासणी पुढे मागे पडली, साहेबांची बदली झाली. आता दुकानात सगळीच अंडी छान पिवळी असतात आणि त्यासाठी काय घालतात ते मी विचारत नाही.

पुढे बरीच वर्षं अष्टमीला मी घोडपदेवला जेवायला जात असे. भाजी वाढताना वैनी हमखास विचारायच्या, "मास्तर, तुमचो तो बोटीवरचो खलाशी बरो आसा मा?" रघुदादा ताटात पाहत म्हणायचे, "बरो असतलो. बंदराजवळचो तो." मीही "बरा आहे" म्हणायचो, आणि तिघं जेवू लागायचो.

रघुदादा जाऊन बरीच वर्षं झाली. गेल्या अष्टमीच्या आधी वैनीही गेल्या. दोघांनाही दिलेला शब्द मी ती दोघं असेपर्यंत पाळला, म्हणून आता लिहितो आहे. त्यांनी एकमेकांना ते कधी सांगितलं का, एवढं मात्र मला विचारायचं राहून गेलं.